आठ कॉलम, आठ तालुके

वर्तमानपत्राचं मोठं पान आठ कॉलमांचं आणि पालघर जिल्ह्यात तालुकेही आठ. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याचं विभाजन होऊन राज्याचा छत्तिसावा जिल्हा जन्माला आला, तेव्हा मंत्रालयात कुणी आमच्या पानाचा विचार केला असेल असं नाही. पण आमच्या संपादकांच्या डोक्यात हा योगायोग असा घट्ट बसला की त्यांनी फर्मान काढलं, “पहिल्या पानावर दर तालुक्याला एक कॉलम. कुणाचा रुसवा नको, कुणाची कुरकुर नको.” पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. डावीकडून मोजा नाहीतर उजवीकडून, हिशेब बरोबर येतो.

मी या दैनिकाची पानं लावतो. दैनिक चार पानांचं. कार्यालय पालघरला, आणि बोईसरला ब्युरो. ब्युरो म्हणजे चित्रालयजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आमच्या वार्ताहराला मिळणारी खुर्ची, तीसुद्धा गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

संपादकांची आठ कॉलमी लोकशाही पहिल्याच संध्याकाळी कोसळली, आणि ती पाडली वसईने. 2011 च्या जनगणनेत आताच्या पालघर जिल्ह्याचे 29 लाख 90 हजार लोक मोजले गेले, त्यातले 13 लाखांवर एकट्या वसई तालुक्यात. मोखाडा लाखाच्याही आत. वसईत सकाळी इमारत अनधिकृत ठरते, दुपारी तिच्यावर हातोडा पडतो, संध्याकाळी मोर्चा निघतो आणि रात्री टँकरवाल्यांचा संप असतो. एवढं सगळं एका कॉलमात बसवायचं तर अक्षर मुंगीएवढं करावं लागेल. उलट मोखाड्याचा कॉलम रिकामा. तिथे बातमी नसते असं नाही. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर टँकर लागतो, यापेक्षा मोठी बातमी जिल्ह्यात दुसरी नाही. पण ती पाठवायची तर वार्ताहराला रेंज शोधत घाटात यावं लागतं, आणि तो येईपर्यंत वसईने मोखाड्याच्या कॉलमात पाय पसरलेले असतात. आता पहिल्या पानाचा नकाशा असा: पाच कॉलम वसई, दोन कॉलम पालघर-बोईसर, आणि उरलेल्या एका कॉलमात सहा तालुके उभ्याने प्रवास करतात. सकाळच्या डहाणू लोकलची ज्यांना सवय आहे त्यांना यात काही वावगं वाटत नाही.

वाचकांचा एक प्रेमळ गैरसमज असतो. त्यांना वाटतं, संध्याकाळी संपादक आणि त्यांचे सहकारी गंभीर चेहऱ्याने बसतात, दिवसभरातल्या बातम्यांचं वजन करतात, सगळ्यात भारी बातमी वर, हलकी खाली, आणि मग कुठे जागा उरलीच तर जाहिरात. प्रत्यक्षात हे चित्र वरचं खाली करून पाहावं. छपाईचं क्षेत्र साधारण 33 सेंटीमीटर रुंद आणि 52 सेंटीमीटर उंच. त्याची डमी म्हणजे कोरा कागद माझ्यासमोर येतो तोच मुळी चौकोन आखून. हा चौकोन सराफाचा, हा क्लासवाल्यांचा, हा साहेबांच्या वाढदिवसाचा, ही निविदा, ही जाहीर नोटीस. हे सगळे चौकोन वजा केल्यावर पानावर जी वेडीवाकडी, इंग्रजी एल आकाराची, मध्येच जिना उतरल्यासारखी जागा शिल्लक राहते, तिला आमच्या धंद्यात ‘बातमीची जागा’ म्हणतात. वार्ताहर फोन करून विचारतो, “साहेब, बातमी किती शब्दांची देऊ?” मी म्हणतो, “बारा सेंटीमीटर.” तो बिचारा आता शब्दांत विचारच करत नाही. परवा त्याच्या घरी पाहुणे आले तेव्हा त्याने बायकोला विचारलं, किती कॉलम भात लावू.

चार पानांच्या अंकाचं एक शास्त्र आहे. पहिलं आणि चौथं पान एका बाजूला छापतात, दुसरं आणि तिसरं त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला. त्यामुळे पहिलं पान रंगीत केलं की चौथ्याला रंग आपोआप मिळतो. आतली दोन पानं काळी-पांढरी. या साध्या छपाईच्या सोयीने आमच्या भागातलं सगळं सामाजिक जीवन ठरवून टाकलं आहे. वाढदिवस, नियुक्त्या, उद्घाटनं आणि दहीहंड्या पान चारवर, रंगीत. रेशन, रस्ते, शाळेची गळती, रिकामी आरोग्य केंद्रं पान दोन आणि तीनवर, काळी-पांढरी. वाचकांना वाटतं की आम्ही हे मुद्दाम केलं, व्यंग म्हणून. आमची एवढी ऐपत नाही. दुसऱ्या बाजूलाही रंग द्यायचा तर आणखी तीन प्लेटा लागतात.

आणि रंग मिळाला म्हणून सगळं जमतंच असंही नाही. रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार थर एकमेकांवर नेमके बसावे लागतात. त्यातला एक केसभर सरकला की साहेबांच्या मिशा गालावर येतात आणि ओठ हनुवटीवर. अशा सकाळी कार्यकर्त्यांचे फोन येतात. आम्ही एकच सांगतो, “विरोधकांचा फोटो बघा, त्याच पानावर आहे. त्यांचे तर डोळे चार झालेत.” फोन समाधानाने ठेवला जातो.

शुभेच्छांच्या जाहिरातीबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण पान लावणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. ही जाहिरात आमच्याकडे जन्माला येत नाही. ती फ्लेक्सवाल्याकडे जन्माला येते. नाक्यावर लावायच्या वीस फुटी बॅनरची फाईल कार्यकर्ता आम्हाला जशीच्या तशी पाठवतो आणि सांगतो, “दादा, हीच लावा, छोटीशीच द्यायची आहे, दोन कॉलम.” त्या बॅनरवर वरच्या पट्टीत दैवतं, त्याखाली पक्षाचे दिल्लीतले, मग मुंबईतले, मग जिल्ह्यातले, मध्यभागी उत्सवमूर्ती मोबाईल कानाला लावून किंवा हात जोडून, आणि तळाशी शुभेच्छुकांची चाळीसेक मुंडकी. वीस फुटांवर हे दिसतं. आठ सेंटीमीटरवर तळाच्या रांगेत चेहरे आहेत की चुकून शाई सांडली, हे सांगता येत नाही. तरी ज्याचा चेहरा राहिला तो दुसऱ्या दिवशी बरोबर कार्यालयात उभा. “माझा नाहीये.” स्वतःचं डोकं अर्ध्या मिलिमीटरवरून ओळखण्याची ही दृष्टी निवडणुकीला उभं राहणाऱ्यालाच असते.

चेहऱ्यांचा क्रम हा तर स्वतंत्र विषय. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत कुठल्या व्याह्याला कुठल्या पाटावर बसवायचं यावरून जेवढा खल होतो, तेवढाच पानावर. जिल्हाप्रमुखाचं डोकं तालुकाप्रमुखाच्या डोक्यापेक्षा किती मिलिमीटर मोठं असावं, माजी आमदार आजी सभापतीच्या वर की खाली, पक्ष बदलून आलेला माणूस किती दिवस कोपऱ्यात ठेवायचा, याचे नियम कुठे छापलेले नाहीत, पण मोडले तर सगळ्यांना कळतं. पक्षफुटीनंतरचे दिवस आम्ही फार हालात काढले. एकाच चिन्हाच्या जुन्या फाईली सगळीकडे पसरलेल्या. फोटो उचलायचा तर आधी आज साहेब कुठे आहेत हे विचारावं लागे, आणि पान प्रेसला जाईपर्यंत तिथेच राहतील का, हेही.

दुसरी कसोटी शेजाराची. पानावर कोण कुणाच्या बाजूला बसणार, हे पाहण्यात माझी अर्धी रात्र जाते. वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली एका रांगेत येता कामा नयेत, कारण दोन्हीकडे फोटो एकाच स्टुडिओतला, निळ्या पडद्यासमोरचा, आणि दोन्हीकडे माणूस तितकाच प्रसन्न. मध्ये हवामानाची चौकट टाकायची, म्हणजे वाचकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तारापूरच्या कारखानदारीचा शेजार त्याहून नाजूक. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी औद्योगिक वसाहतीतून शिरस्त्राण घातलेल्या हसऱ्या कामगाराच्या जाहिराती येतात, ‘सुरक्षा हेच आमचे ब्रीद’. आणि वायुगळतीची बातमी तारीख पाहून येत नाही. 5 जूनला पर्यावरण दिनाची जाहिरात, हिरवं रोपटं, दोन ओंजळी, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी खाडीत मासे मेल्याचा फोटो घेऊन मुरब्याचा माणूस दारात. नवापूरच्या समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचं प्रकरण मांगेला या मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं, म्हणजे ही बातमी आतल्या पानात सरकवून टाकण्यासारखी नव्हे. मग रोपटं पान चारवर, मासे पान एकवर. संपादक म्हणतात, मध्ये दोन पानं आहेत, काय बिघडतं. वाचक अंक उलगडून टेबलावर पालथा ठेवतो तेव्हा पान एक आणि चार शेजारी शेजारीच येतात, हे मी त्यांना सांगत नाही.

लोकांना वाटतं स्थानिक वर्तमानपत्राची भाषा संपादकाच्या स्वभावातून येते. ती येते कॉलमच्या रुंदीतून. एक कॉलम म्हणजे चार सेंटीमीटरला थोडा कमी. त्यात ठळक अक्षरात सात-आठ साधी अक्षरं मावतात. ‘प्रकल्पग्रस्तांच्या’ हा जोडाक्षरांचा शब्द त्यात कोंबायचा म्हणजे दुःख आणखी दाबण्यासारखं आहे. ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ’ हे नाव ज्याने ठेवलं त्याने आयुष्यात एकदाही सिंगल कॉलमचं हेडिंग केलेलं नसणार. म्हणून एमआयडीसी. म्हणून सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी सीईटीपी, जे म्हणजे काय हे बोईसरच्या शाळकरी मुलालाही पाठ आहे आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तीनदा समजावावं लागतं. ‘ठिय्या’ हा शब्द आम्हाला अतिशय प्रिय आहे, कारण तो दोन अक्षरांत पूर्ण आंदोलन उरकतो. ‘धडक’, ‘ऐरणीवर’, ‘वाऱ्यावर’, ‘टांगणीला’, ‘धूळखात’. हे शब्द आमच्याकडे मापाने वापरले जातात, अर्थाने नव्हे. दीड सेंटीमीटर उरलं तर प्रश्न ऐरणीवर येतो, अडीच उरलं तर रुग्णालय वाऱ्यावर जातं. ‘बत्ती गुल’ हे हेडिंग जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी तयारच ठेवतो, फक्त गावाचं नाव भरायचं. देशातलं पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र 1969 साली जिथे सुरू झालं त्या तालुक्यात हे हेडिंग सर्वाधिक वापरलं जातं, यात विनोद आहे असं मला कधी तरी वाटायचं. आता फक्त गावाचं नाव तेवढं बरोबर आहे ना, पाहतो.

त्याच केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. अणुभट्ट्या 2005 आणि 2006 साली वीज देऊ लागल्या. पुनर्वसनाच्या तक्रारींची बातमी मात्र पान लावणाऱ्याच्या फार सोयीची झाली आहे. जुन्या फाईलमध्ये ती तयार असते, मजकुराला हात लावावा लागत नाही, वरची तारीख बदलली की झालं. हे लिहिताना हसू येत नाही, पण खरं आहे.

जागा कमी पडते तसा कधी कधी उलटा प्रकारही होतो. रात्री साडेदहाला एखादी जाहिरात मागे घेतली जाते, कारण साहेब दुसऱ्या पक्षात गेले. पानाला अचानक भगदाड. अशा वेळी पालघर जिल्ह्याइतकं नशीबवान कुणी नाही, कारण आमच्याकडे वारली चित्रकला आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडहून ही कला जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांनी जन्मभर जे साधलं त्याचा उपयोग आम्ही भगदाड बुजवायला करतो. चार सेंटीमीटर उरलं तर एक झोपडी आणि ताडाचं झाड. आठ उरलं तर बैलगाडी. पाव पान उरलं तर सबंध तारपा नाच. तारप्याच्या वाटोळ्या फेराचं वैशिष्ट्य असं की तो कितीही ताणला तरी नाचणाऱ्यांची संख्या वाढवता येते. हीच चित्रं आता जिल्ह्यात स्टेशनच्या भिंतींवर, सरकारी पुस्तिकांवर, लग्नपत्रिकांवर, हॉटेलच्या मेनूवर दिसतात. म्हणजे भगदाड फक्त आमच्याच पानाला पडतं असं नाही.

फोटोंचं म्हणाल तर वर्षाचे फोटो ठरलेले. जानेवारीत पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढला, त्याचं पानही मोठं शिस्तीचं होतं. एका उभ्या स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात तोच मजकूर इंग्रजीत. वाढदिवस नाहीत, निविदा नाहीत, चाळीस मुंडकी नाहीत. पान लावणाऱ्याला स्वर्ग. त्यांच्या स्मरणार्थ दर 6 जानेवारीला ज्यांच्याविरुद्ध आम्ही वर्षभर लिहितो त्यांच्याच हस्ते आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि तो फोटो चार कॉलम लागतो. मग बोर्डीचा चिकू महोत्सव. जूनमध्ये पहिला पाऊस. जुलैत रस्त्यावर साचलेलं पाणी. या फोटोत वाहनं तेवढी नव्या मॉडेलची घ्यावी लागतात, नाहीतर गेल्या वर्षीचा आहे हे वाचक ओळखतो. 14 ऑगस्टला हुतात्मा चौक, कारण 1942 च्या त्या दिवशी पालघरात गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या दिवशीचं पान मी स्वतः लावतो, कुणाला हात लावू देत नाही, आणि त्या फोटोशेजारी जाहिरात घेत नाही. संपादकांनी यावर आजवर वाद घातला नाही. नारळी पौर्णिमेला सातपाटीच्या होड्या. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, तेव्हा आम्ही पान एकवर आठ कॉलम पापलेट टाकलं होतं. तो अंक खपला, पण बाजारात भाव विचारून आलेल्या वाचकांनी आम्हालाच दोष दिला.

आता यंत्राची कथा. जग कुठल्या कुठे गेलं, आमच्या कार्यालयात पान लावायला अजून पेजमेकर हेच सॉफ्टवेअर आहे. 2001 नंतर त्याची मोठी नवी आवृत्ती आली नाही, म्हणजे आमच्या पालघर जिल्ह्यापेक्षा तो वयाने बराच मोठा. त्याला युनिकोड समजत नाही. वार्ताहर मोबाईलवरून जी सुंदर मराठी पाठवतो ती पेजमेकरमध्ये टाकली की रांगेने प्रश्नचिन्हं उमटतात. आमदारांचं निवेदन असं प्रश्नचिन्हांत आलं की मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, पण छापता येत नाही. मग कन्व्हर्टर. कन्व्हर्टरमधून बाहेर येताना ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार उडतात, जोडाक्षरं सुटतात. आमची ऑपरेटर ताई वाणगावहून येते. तिला परतीची लोकल गाठायची असते, म्हणून ती वेलांट्या पकडून जागेवर बसवण्याचं काम इतक्या वेगाने करते की बघत राहावं. शुद्धलेखनाचे नियम तिला कुणी शिकवले नाहीत. ‘जिल्हाधिकारी’ नीट दिसला की झाला. शुद्धलेखन म्हणजे अखेर नजरेची सवयच, हे तिच्याकडे पाहून पटतं.

मुद्रकाचा तपशील देणारी तळाची ओळ तीच बसवते. 1867 च्या कायद्याने ती सक्तीची केली, 2024 च्या मार्चपासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, ओळ तिथेच आहे. ‘मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक’ असे चार जण त्यात असतात. आमच्याकडे चौघांचं नाव एकच आहे, आणि ते चौघे मिळून संध्याकाळी माझ्यामागे उभे राहून “झालं का?” असं विचारतात.

अंकात सगळ्यात जास्त काय वाचलं जातं, असं कुणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे सांगेन: सगळ्यात बारीक अक्षरात असतं ते. पान तीनच्या तळाला जाहीर नोटिसा असतात. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की मौजे अमुक, तालुका व जिल्हा पालघर येथील गट नंबर तमुक...’ 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ही जागा आमची. अग्रलेख कुणी वाचला का, हे मला आजवर कळलेलं नाही. पण नोटिशीतला एक गट नंबर खाली-वर झाला तर सकाळी आठला विक्रमगडच्या आडगावातला म्हातारा अंकाची घडी खिशात घालून हजर असतो. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून, बोटाने एकेक आकडा फिरवत तो वाचतो. आम्ही लावलेली हेडिंगं, बॉर्डर, फोटो यांतलं काहीही त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो एक आकडा, अधिक शून्य हेक्टर आणि काही आर. मी संपादकांना एकदा म्हटलं, “नोटिशीचं अक्षर जरा मोठं करू या.” ते म्हणाले, “अक्षर मोठं केलं तर जागा जास्त, जागा जास्त तर बिल जास्त, आणि बिल जास्त झालं तर नोटीस दुसऱ्याकडे.” यात चूक त्यांची म्हणता येत नाही.

अशी पानं लावता लावता मला एक वाईट खोड लागली आहे. जिल्ह्याचा नकाशा पाहिला की डमी दिसते. मोठे चौकोन आधीच कुणीतरी आखून पाठवलेले. उभा एक बुलेट ट्रेनचा, तिची स्टेशनं विरारला आणि बोईसरला. त्याला समांतर मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग. त्याच्या शेजारी मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग. जुना महामार्ग आहेच, आणि चौपदरी होणारी विरार-डहाणू रेल्वे. समुद्राच्या कडेला डावीकडचा मोठा चौकोन वाढवण बंदराने घेतलेला, ज्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांनी पालघरात येऊन केली आणि ज्याला मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करत आले. सूर्या नदीचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला. मध्ये वीजवाहिन्यांचे मनोरे. सगळ्या जाहिराती वरून आलेल्या, मोठ्या आकाराच्या, सगळ्यांना पहिलंच पान हवं आणि एकीलाही हलवता येत नाही. त्या बसवून झाल्यावर जी वेडीवाकडी, एल आकाराची, जिना उतरल्यासारखी जागा राहते, तिथे भातशेती, चिकूच्या वाड्या, केळव्याची पानवेल, कोळीवाडे, पाडे आणि आम्ही. आणि जिथे तेही बसत नाही तिथे, स्टेशनच्या भिंतीवर, तारपा नाच.

मुंबईच्या मोठ्या वर्तमानपत्रांशी आमची तुलना कुणी करू नये. त्यांच्या लेखी पालघर ही आतल्या पानावरची सिंगल कॉलम पट्टी. तारापुरात स्फोट झाला की पट्टीची जाहिरातीएवढी चौकट होते. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे आले, धुंदलवाडीच्या भिंतींच्या भेगा टिपून गेले. कॅमेरे परतल्यावरही महिनोन् महिने लोक तंबूत झोपत होते आणि आम्ही रोजच्या धक्क्याची चौकट लावत होतो, ‘आज पुन्हा’ या मथळ्याखाली. तो मथळा दोन शब्दांचा होता, सिंगल कॉलममध्ये चपखल बसायचा, आणि त्याची आम्हाला लाज वाटायची. पण चौकट एक दिवस छापायची राहिली तेव्हा फोन आले, “आज धक्का नव्हता का? की छापायचा राहिला?” स्थानिक वर्तमानपत्र कशाला लागतं, या प्रश्नाचं उत्तर मला याहून नेमकं कधी मिळालं नाही, आणि ते लोकांनीच दिलं.

तर आता थोडं कामाचं. दिवाळी जवळ आली आहे, शुभेच्छांचे फोन सुरू होतील, म्हणून वाचकांना आणि जाहिरातदारांना नम्र विनंती. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन चेहरा चौकटी चौकटीचा होतो आणि मग घरचेही ओळखत नाहीत. बॅनरची फाईल पाठवू नका. पाठवलीतच तर शुभेच्छुकांची संख्या दहाच्या आत ठेवा, बाकीच्यांची समजूत तुम्ही घाला. नाव बरोबर लिहून द्या, हुद्दा आज सकाळी जो आहे तोच द्या. जाहिरात संध्याकाळी पाचपर्यंत पोचली पाहिजे, कारण रात्री पान प्रेसला जातं, आणि रंगीत हवी असेल तर पान चारवर अजून दोन चौकोन शिल्लक आहेत. बातमी असेल तर तीही द्या, आनंद आहे. फक्त ती बारा सेंटीमीटरच्या आत बसवून आणा.